शंभर वर्षांचं जंगल कॉम्प्युटरवर मांडायचं असेल तर आधी कोवळी झाडं मोजा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. रामटेक तालुक्यात देवलापारच्या बाजूला एका ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालाय, चारेकशे हेक्टरचं सागाचं मिश्र जंगल आहे, त्याचा दहा वर्षांचा व्यवस्थापन आराखडा करायचाय. विचारणारा मुलगा नागपुरात जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र, शिकलाय आणि एका संस्थेतर्फे गावाला मदत करतोय. त्याचं म्हणणं असं की परदेशात साठ-साठ, शंभर-शंभर वर्षांचं प्लॅनिंग कॉम्प्युटर मॉडेलवर करतात, ते आपल्याकडे करता येईल का, कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, सॅटेलाइटवरनं सगळा डेटा काढला तर चालेल का, आणि आराखडाच दहा वर्षांचा असताना मॉडेल शंभर वर्षं चालवण्यात अर्थ आहे का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकी सगळं त्याच्यावर टांगलेलं आहे. हो, मॉडेल लांबचंच चालवायला पाहिजे, पण 2120 साली किती साग उभा असेल हे सांगायला नाही, ते कोणालाच सांगता येत नाही. लांबचं चालवायचं ते पुढच्या दहा वर्षांत जे ठरवणार आहात ते बरोबर आहे का हे तपासायला, कारण जंगलातल्या सगळ्यात वाईट गोष्टी दहा वर्षांच्या हिशोबात दिसतच नाहीत. वर्किंग प्लॅनच्या, म्हणजे वनखात्याच्या जंगल आराखड्यांच्या, कामात माझी बरीच वर्षं गेलीत आणि ही एकच गोष्ट समजावून सांगायला मला नेहमी सगळ्यात जास्त वेळ लागलाय, म्हणून आकडे घालूनच दाखवतो.

तुमचं जंगल शुष्क पानझडीचं आहे, साग, ऐन, धावडा, लेंडिया, मोवई, तेंदू, मोह, मधेमधे बीजा. सगळ्या वयाची, सगळ्या जाडीची झाडं एकाच ठिकाणी. परदेशातली बरीच मॉडेल्स एकवयीन लागवडीसाठी बनलेली आहेत, म्हणजे कापलं, लावलं, पुन्हा वर्ष शून्यापासून सुरू. आपल्याकडे वनविकास महामंडळाच्या सागाच्या रोपवनाला ते जमतं, पण तुमच्या जंगलात झाडाचं वय कोणाला माहिती नाही आणि माहिती असायची गरजही नाही. अशा जंगलासाठी वयाऐवजी गोलाईचे वर्ग धरतात. छातीच्या उंचीवरची, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवरची गोलाई, आणि मग 30 ते 60 सेंटीमीटर, 60 ते 90, 90 ते 120, आणि 120 च्या वर असे चार वर्ग करायचे. दर दहा वर्षांनी प्रत्येक वर्गातली काही झाडं मरतात, काही वरच्या वर्गात जातात, उरलेली तिथेच राहतात, आणि सगळ्यात खालच्या वर्गात खालून नवीन झाडं भरती होतात. झालं, एवढंच मॉडेल आहे. याला मॅट्रिक्स मॉडेल म्हणतात, 1960 च्या दशकापासून वनशास्त्रात वापरात आहे आणि साध्या एक्सेल शीटमध्ये मावतं.

आता आकडे. हे कुठल्या खऱ्या कक्षातले, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या तुकड्यातले, नाहीत, हिशोब सोपा पडावा म्हणून धरलेत. समजा हेक्टरी 30 ते 60 ची 90 झाडं आहेत, 60 ते 90 ची 45, 90 ते 120 ची 20 आणि 120 च्या वरची 8. गोलाई वर्षाला सरासरी एक सेंटीमीटर वाढते असं धरू, म्हणजे 30 सेंटीमीटरचा वर्ग ओलांडायला 30 वर्षं, म्हणजे दहा वर्षांत साधारण एक तृतीयांश झाडं वर सरकतात. दहा वर्षांत दहा टक्के मरतात असं धरलं तर शंभरातली 60 जागेवर, 30 वरच्या वर्गात, 10 गेली. सगळ्यात वरच्या वर्गातली 90 टक्के तिथेच राहतात. कटाई अजिबात नाही. आणि खालून दहा वर्षांत हेक्टरी 36 नवीन झाडं 30 सेंटीमीटर ओलांडून आत येतात, कारण 36 आली की खालचा वर्ग बरोबर 90 वर टिकतो.

आता दुसरं जंगल घ्या, अगदी हेच, फक्त दरवर्षी वणवा लागतो आणि गुरं मोकाट चरतात म्हणून खालून 36 च्या जागी 9 च येतात. भरती एक चतुर्थांशावर आली.

दहा वर्षांनी काय दिसतं बघा. पहिल्या जंगलात 120 च्या वरची झाडं 13, दुसऱ्यातही 13. 90 ते 120 ची दोन्हीकडे 25.5, 60 ते 90 ची दोन्हीकडे 54. वीस वर्षांनी वरची मोठी झाडं दोन्हीकडे 19.5, तीस वर्षांनी दोन्हीकडे 27. म्हणजे तीन आराखडे होऊन गेले, तीन वेळा मोजणी झाली, मोठ्या झाडांचा आकडा दोन्हीकडे तंतोतंत सारखा आणि वर चढता. कोणीही म्हणेल की जंगल सुधारतंय. चाळीस वर्षांनी सुद्धा 35.3 आणि 34.6, हा फरक मोजणीच्या चुकीतच बुडून जाईल. फक्त सगळ्यात खालचा वर्ग बघितला तरच कळतं, तो पहिल्या जंगलात 90 वर आहे आणि दुसऱ्यात दहा वर्षांनी 63, तीस वर्षांनी 37. साठ वर्षांनी मात्र दुसऱ्या जंगलात 30 ते 60 ची 26, 60 ते 90 ची 28 आणि 90 ते 120 ची 29 उरतात, तर पहिल्यात 90, 66 आणि 46. तोवर जो बिघाड झाला तो साठ वर्षांपूर्वीच सुरू झालेला असतो आणि ज्यांनी तेव्हा आराखडा केला त्यांच्या कागदावर सगळं ठीक होतं.

गावच्या शाळेत पहिलीत पोरं यायची बंद झाली तरी दहावीचा वर्ग नऊ वर्षं भरलेलाच दिसतो, तसं आहे हे. म्हणून मी म्हणतो की आपल्याकडच्या जंगलाच्या मॉडेलमध्ये सगळ्यात जड आकडा किती कापायचं हा नसून किती रोपटी मोठी होतात हा आहे, आणि नेमका तोच आकडा सगळ्यात कमी मोजला जातो. मोठ्या झाडांचं एन्युमरेशन, म्हणजे एकेक झाड मोजणं, होतं कारण त्याला भाव आहे. रोपट्यांचं काय, तर रिपोर्टमध्ये पुनरुत्पादन समाधानकारक असं एक वाक्य लिहिलं की काम भागतं. जमिनीवर चार-पाच इंचाची सागाची रोपटी हेक्टरी हजारोंनी दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं भरपूर आहे की, पण सागाचं रोपटं दर उन्हाळ्यात आगीने नाहीतर पाण्याच्या ताणाने जमिनीपर्यंत मरतं, पावसाळ्यात मुळातून परत फुटतं, पुन्हा मरतं, असं वर्षानुवर्षं चालतं. तेच ते रोपटं दरवर्षी मोजत राहायचं आणि खूश व्हायचं असं होतं. इंचभर रोपटी मोजून भरती कळत नाही.

मग भरती मोजायची कशी, त्यासाठी दहा वर्षं थांबायचं का? नाही थांबायचं. 30 ते 40 सेंटीमीटर गोलाईची झाडं वेगळी मोजा. वर्षाला एक सेंटीमीटर वाढ असेल तर ही जवळपास तीच झाडं आहेत जी गेल्या दहा वर्षांत 30 ची रेष ओलांडून आत आली आणि जगली. आणि 20 ते 30 ची मोजा, ती पुढच्या दहा वर्षांतली भरती. 10 ते 20 ची मोजा, ती त्याच्या पुढची. ही तीन मापं घेतली की तुमच्या हातात तीस वर्षांची भरती आली, अंदाजे का होईना पण जमिनीवरची. आणि या तीन वर्गांचा आकडा खाली जाताना वाढायला पाहिजे कारण लहान झाडं जास्त मरतात. तो वाढायच्या ऐवजी कमी होत असेल, म्हणजे 30 ते 40 ची 12, 20 ते 30 ची 7, 10 ते 20 ची 5 असं काही निघालं, तर मॉडेल चालवायच्या आधीच तुम्हाला उत्तर मिळालं.

हे सगळं जातीनिहाय करा, सगळी झाडं एकत्र करून अजिबात करू नका. साग आगीला दाद देत नाही आणि खुंटातून फुटवे जोरात काढतो, म्हणून जळत्या जंगलातही तो टिकतो आणि बाकीच्या जाती मागे पडतात. एकत्र बेरीज केली की सागाच्या आकड्याखाली बीज्याचं आणि मोहाचं दुखणं झाकलं जातं. मोहाचा तर वेगळा तक्ता करा असं मी हात जोडून सांगेन, कारण गावाचा पैसा तिथे आहे. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, फुलं घरी जातात, नंतर तेलासाठी बियाही वेचल्या जातात, आणि जो चुकूनमाकून उगवला तो पुढच्या वर्षीच्या जाळात जातो. बहुतेक गावांत मोठे डेरेदार मोह दिसतात आणि मनगटाएवढा मोह शोधून सापडत नाही. मोठी झाडं आज फुलं देताहेत म्हणून कोणाला काळजी वाटत नाही. मॉडेलमध्ये मोहाची भरती शून्य टाकून साठ वर्षं चालवा आणि तो आलेख ग्रामसभेत दाखवा, आणि बायकांना बोलवा त्या दिवशी, कारण कुठल्या झाडाखाली रोप आहे हे वेचणारीलाच माहिती असतं. झाडाखाली जाळण्याऐवजी झाडून घेणं, जाळी अंथरणं, शेताच्या बांधावर रोपं वाचवणं, हे निर्णय तिथेच होतात.

आता वाढीचा दर. वर एक सेंटीमीटर धरला तो हिशोबासाठी, तुमच्याकडचा खरा दर काढायला पाहिजे. सागाची प्रत जमिनीप्रमाणे खूप बदलते, लॉरी आणि राम यांचे 1940 चे सागाच्या लागवडीचे उत्पन्नतक्ते आहेत त्यात जमिनीच्या प्रतीनुसार चार वर्ग केलेत आणि पहिल्या आणि चौथ्या वर्गातला फरक बघितला तर एकाच झाडाबद्दल बोलताहेत का असं वाटतं. ते तक्ते लागवडीचे आहेत, नैसर्गिक मिश्र जंगलाला जसेच्या तसे लावू नका. सागाचा एक मोठा फायदा म्हणजे त्याची वर्षवलयं स्पष्ट दिसतात. वादळात पडलेल्या किंवा रीतसर तोडलेल्या झाडाचा खुंट रंधा मारून साफ केला की वलयं मोजता येतात, सालीपासून आत शेवटची दहा वलयं किती सेंटीमीटरमध्ये बसतात बघा, त्याला दोनने आणि गणितातल्या पायने (π, 3.14) गुणलं की दहा वर्षांतली गोलाईची वाढ आली. दीड सेंटीमीटरमध्ये दहा वलयं असतील तर 9.4 सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला एकाला थोडं कमी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेतल्या लोकांनी मध्य भारतातल्या सागाच्या वलयांवर काम केलंय, पावसाशी आणि ओलाव्याशी वाढीचा संबंध त्यात स्पष्ट दिसतो, म्हणून एकाच चांगल्या पावसाच्या काळातली वलयं धरून पुढची साठ वर्षं चालवू नका. वीसतीस खुंट वेगवेगळ्या जागचे मिळाले, कपारीतले, नाल्याकाठचे, बरडीवरचे, तरी खूप झालं. ऐन-धावड्याला ही सोय तशी नाही, तिथे कायमचे प्लॉट टाकून परत परत मोजण्याला पर्याय नाही.

सॅटेलाइटचं विचारलंत. सॅटेलाइट खूप कामाचं आहे पण ज्या कामाला लोक वापरतात त्या कामाला कमी. वरून झाडांचं छत दिसतं, छताखालची रोपटी दिसत नाहीत, घाणेरी आणि रानतुळस किती माजलीय ते धड दिसत नाही. शिवाय तारखेची गोष्ट आहे, ऑक्टोबरमधलं चित्र घेतलं तर तुमचं जंगल घनदाट आणि मार्च-एप्रिलचं घेतलं तर साग उघडा पडलेला, जंगलच नाही असं वाटेल. वनसर्वेक्षणवाले ज्याला वनाच्छादन म्हणतात ते एक हेक्टरच्या वर जागेत दहा टक्क्यांपेक्षा जास्त छत असलं की झालं, त्यात जात, मालकी, वापर काही बघत नाहीत. त्यामुळे वनाच्छादन टिकलंय याचा अर्थ भरती टिकलीय असा अजिबात होत नाही, वरच्या हिशोबातलं दुसरं जंगल तीस वर्षं त्या नकाशात हिरवंगार दिसलं असतं.

सॅटेलाइट कुठे वापरायचं तर आगीला. सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहाची चित्रं 10 मीटरची, म्हणजे चित्रातला एक ठिपका 10 मीटरचा, फुकट, दर पाच दिवसांच्या आसपास मिळतात, आणि आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत आकाश बऱ्यापैकी मोकळं असतं. जळलेली काळी जमीन त्यात छान कळते. 2016 पासून प्रत्येक वर्षीचा जळीत नकाशा काढा आणि तुमच्या प्रत्येक कक्षाचा प्रत्येक तुकडा किती वेळा जळला ते मोजा. फक्त आगीच्या अलर्टवर अवलंबून राहू नका, तो ज्या व्हीआयआयआरएस नावाच्या उपग्रहावरच्या सेन्सरवरून येतो त्याचा ठिपका 375 मीटरचा असतो आणि उपग्रह दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या सुमाराला डोक्यावरून जातो, संध्याकाळी पाचला लागून आठला विझलेली पाल्याची आग त्याला दिसेलच असं नाही. जळीत नकाशा आणि तुमचे प्लॉट एकावर एक ठेवले की मॉडेलला लागणारी सगळ्यात मोलाची गोष्ट मिळते, ती म्हणजे जिथे दहा वर्षांत एकदोनदाच जळलं तिथे 20 ते 30 ची झाडं किती, आणि जिथे जवळपास दरवर्षी जळलं तिथे किती. हा संबंध तुमच्या स्वतःच्या जंगलातून निघाला की मग जाळरेषेवर आणि फायर वॉचरवर खर्च केलेल्या पैशातून पुढे किती झाडं मिळतात हे तुम्हाला सांगता येतं, आणि एवढं सांगता आलं की आराखड्याला पैसे मागताना बळ येतं.

आता दुसरा भाग, ज्याला लोक खरं मॉडेल समजतात, म्हणजे लिनियर प्रोग्रामिंग. त्यात असं असतं की जंगलाचे सारखे सारखे तुकडे एकत्र करून गट करायचे, प्रत्येक गटावर काय काय करता येईल ते पर्याय लिहायचे, समजा पूर्ण चराईबंदी आणि आगरक्षण, किंवा फक्त आगरक्षण, किंवा फुटव्यांची विरळणी, किंवा आहे तसं चालू, आणि मग कॉम्प्युटरला विचारायचं की कुठल्या गटाचं किती हेक्टर कुठल्या पर्यायात टाकलं तर सगळ्यात चांगलं पडेल, आणि ते करताना या या अटी मोडायच्या नाहीत. तुमच्याकडे अटी काय असतील, गावच्या गुरांना चारा इतका पाहिजे, जळाऊ लाकूड इतकं पाहिजे, तेंदूपत्त्याचं क्षेत्र इतक्यापेक्षा कमी होता कामा नये, पहारा द्यायला माणसं इतकीच आहेत, नाल्याच्या दोन्ही बाजूला हात लावायचा नाही, पेंच व्याघ्रप्रकल्पाकडून वाघाचा येण्याजाण्याचा रस्ता आहे तिथे मे महिन्यात काम काढायचं नाही.

यात बेस्ट उत्तराला फार भुलू नका. मला या पद्धतीतला सगळ्यात उपयोगी निकाल वाटतो तो इन्फिजिबल, म्हणजे या सगळ्या अटी एकत्र पाळणं शक्यच नाही असं मॉडेल सांगतं तो. चाऱ्याची अट आणि चराईबंदीची अट एकमेकांना कापताहेत हे कागदावर पहिल्याच आठवड्यात कळलेलं बरं, नाहीतर ते तिसऱ्या वर्षी गुराख्यांशी भांडण होऊन कळतं आणि तोवर कुंपणाचे पैसे गेलेले असतात. दुसरी कामाची गोष्ट म्हणजे शॅडो प्राइस, प्रत्येक अटीसमोर मॉडेल एक आकडा देतं की ही अट एक हेक्टरने सैल केली तर किती फरक पडेल. काही अटींवरून गावात तासन् तास वाद होतो आणि त्यांचा शॅडो प्राइस शून्य निघतो, म्हणजे ती अट असो वा नसो, उत्तर बदलतच नाही. हे दाखवलं की बैठक पुढे सरकते.

मॉडेल शंभर वर्षांचं चालवताना शेवटाकडे लक्ष ठेवा. जिथे काळ संपतो तिथे मॉडेलसाठी जग संपतं, त्यामुळे शेवटच्या दोन दशकांत ते सगळी मोठी झाडं कापायला सांगतं, कारण त्याच्या दृष्टीने उभं झाड सोडून काही फायदा नाही. म्हणून अट टाकावी लागते की शेवटी उभं असलेलं जंगल सुरुवातीपेक्षा कमी नसावं, आणि नुसतं घनमीटरमध्ये नाही तर वर्गनिहाय, खालच्या वर्गात सुद्धा. नुसत्या घनमीटरची अट टाकली तर मॉडेल मोठी झाडं राखून अट पुरी करतं आणि खालून जंगल रिकामं होतं, म्हणजे परत तेच. आणि निकाल शंभर वर्षांचा आला तरी वापरायचा फक्त पहिल्या दशकाचा. दहा वर्षांनी परत मोजायचं, नवीन आकडे टाकायचे, परत शंभर वर्षं पुढे चालवायचं.

पैशातला हिशोब करणार असाल तर व्याजाच्या दराबद्दल ग्रामसभेशी बोलूनच ठरवा, एकट्याने ठरवू नका. साठ वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाची आजची किंमत 3 टक्क्यांनी साधारण 17 हजार होते, 6 टक्क्यांनी 3 हजार, 10 टक्क्यांनी सव्वातीनशे रुपये. दहा टक्के टाकले की कुठलंही मॉडेल रोपटं वाचवू नका असंच सांगणार. हे गणित 1849 पासून, फाउस्टमनच्या सूत्रापासून वनशास्त्रात आहे आणि लागवडीच्या धंद्याला ते बरोबरही आहे, पण ज्या जंगलावर पुढची पिढी मोहफुलं आणि चारा मागणार तिथे मी किमान एक पर्याय पैशाशिवायचा, नुसत्या झाडांच्या, फुलांच्या आणि चाऱ्याच्या मोजमापात चालवतो.

सॉफ्टवेअरचं सांगतो. अमेरिकेच्या वनखात्याने 1976 च्या कायद्यानंतर सगळ्या राष्ट्रीय वनांच्या आराखड्यांसाठी फोरप्लॅन नावाचं लिनियर प्रोग्रामिंगचं मोठं मॉडेल लावलं. मॉडेल्स इतकी अजस्र झाली की बाहेरच्या लोकांना सोडा, खुद्द रेंजवरच्या माणसांना उत्तर कुठून आलं ते सांगता येईना, आणि आराखड्यांवर विश्वास बसेना. गणित चुकीचं नव्हतं, पण ज्यांच्या जंगलाचं होतं त्यांना ते तपासता येत नव्हतं. म्हणून तुमचं मॉडेल लहान ठेवा, गावातल्या बारावी झालेल्या पोराला एक ओळ हाताने करून बघता आली पाहिजे एवढं लहान. कॅनडाचं वुडस्टॉक चांगलं आहे पण मोठ्या कंपन्यांच्या आणि खात्यांच्या कामाचं आणि महाग. स्वीडनचं हेउरेका, फिनलंडचं मेला, अमेरिकेचं एफव्हीएस ही नावं वाचाल, पण त्यांच्या आत जी वाढीची सूत्रं बसवलीत ती स्प्रूस-पाइनची किंवा तिकडच्या इतर जातींची आहेत, सागाला काहीही उत्तर देतील आणि आकडा दिसायला सुंदर दिसेल. तुम्हाला नकाशांसाठी क्यूजीआयएस, एक स्प्रेडशीट, आणि लिनियर प्रोग्रामिंगचं गणित सोडवायला पायथॉनमधून चालणारा हाय्ज (HiGHS) किंवा जीएलपीके (GLPK) सॉल्व्हर, सगळं फुकट, एवढ्यात चारशे हेक्टरचं काम आरामात होतं. एआयचं म्हणाल तर जळीत नकाशा किंवा छताचं वर्गीकरण करायला जरूर लावा, पण भरतीचा आकडा त्याला विचारू नका, तो शिकायला लागणारा डेटाच जमिनीवरून कोणी गोळा केलेला नाही.

बांबू असेल तर त्याला या मॅट्रिक्समध्ये कोंबू नका. मानवेल कैक वर्षांनी एकदम सगळीकडे फुलतो, बी टाकतो आणि बेटंच्या बेटं मरतात, त्यानंतर काही वर्षं उत्पन्न नाही आणि वाळलेला बांबू म्हणजे आगीला सरपण. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा शेवटचा कधी फुलला होता, आणि मॉडेलमध्ये तो झटका वेगवेगळ्या दशकांत टाकून बघा. फुलोऱ्यानंतरची पहिली काही वर्षं आग आणि गुरं रोखली तरच नवीन बेटं उभी राहतात, म्हणजे इथेही भरतीच.

कायद्याचं थोडक्यात. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशापासून जंगलातली झाडतोड मंजूर वर्किंग प्लॅनप्रमाणेच करता येते, म्हणून खात्याची माणसं त्या पुस्तकाला एवढी जपतात, त्यात त्यांचा हेकेखोरपणा समजू नका. तुमचा आराखडा वनहक्क कायदा 2006 खालचा आहे, कलम 3(1)(आय) प्रमाणे राखण्याचा आणि व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेचा आणि नियम 4(1)(ई) खालची समिती तो आराखडा करते, पण तो वर्किंग प्लॅनशी जुळवून घ्यायचा असतो. 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला हक्क मिळाल्यापासून विदर्भात यावर बरंच काम झालंय, गडचिरोलीतल्या ग्रामसभांचे आराखडे मिळवून वाचा. तुमचे कक्ष खात्याच्या कंपार्टमेंटच्या सीमेवरच ठेवा, नवीन सीमा पाडू नका, म्हणजे रेंज ऑफिसमधली कंपार्टमेंट हिस्ट्री तुम्हाला वापरता येते. कुठल्या साली कुठला कूप, म्हणजे कटाईचा पट्टा, पडला, कुठे रोपवन घेतलं, कुठे फसलं, हे त्या जुन्या फायलींत आहे आणि ते कुठल्याच सॅटेलाइटवर मिळणार नाही. आरएफओसाहेबांना, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, भेटायला जाताना मॉडेल घेऊन जाऊ नका, प्लॉटची मोजणी घेऊन जा आणि बीटच्या वनरक्षकाला मोजणीत सोबत घ्या, त्याला कुठल्या वर्षी कुठून आग आली ते तोंडपाठ असतं.

मोजणी पावसाळा संपल्यावर करा, ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत. पानं असतात त्यामुळे जात ओळखू येते, गवत बसायला लागलेलं असतं आणि आगीचा मोसम सुरू झालेला नसतो. 31.62 मीटर बाजूचा चौरस टाकला की बरोबर 0.1 हेक्टर होतो, म्हणजे आकड्याला दहाने गुणलं की हेक्टरी संख्या. त्यात 10 सेंटीमीटर गोलाईच्या वरचं प्रत्येक झाड जातीसकट मोजा, खुंटातून आलेलं की बियातून आलेलं ते लिहा, बुंध्याला जळल्याची खूण आहे का ते लिहा. प्लॉट चांगल्या दिसणाऱ्या जागी टाकू नका, नकाशावर ग्रिड पाडून जिथे बिंदू येईल तिथेच टाका, बरडीवर आला तर बरडीवर. चार कोपऱ्यांना दगड पुरा आणि जीपीएसवर विसंबू नका, छताखाली तो पाचदहा मीटर इकडेतिकडे जातो. ज्या उंचीवर टेप लावला तिथे झाडाला ऑइल पेंटचा पट्टा मारा, चुना मारू नका, तो दोन पावसाळ्यांत जातो आणि परत मोजताना टेप चार बोटं वर-खाली लागला तरी दहा वर्षांची वाढ चुकते.